‘वर्डल’मध्ये अडकलात? पाच अक्षरी इंग्रजी शब्द कसा शोधायचा

व्हॉट्सअॅपवर किंवा एक्सवर हिरव्या-पिवळ्या चौकोनांच्या ओळी दिसल्या की समजायचं, कुणीतरी वर्डल सोडवलंय. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द, ओळखायला सहा संधी. अक्षर बरोबर जागी असेल तर चौकोन हिरवा, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा, नसेलच तर राखाडी. पाचव्या ओळीपर्यंत काही जमलं नाही की मग गुगलवर ‘अमुक अक्षर असलेले पाच अक्षरी शब्द’ असा शोध सुरू होतो. याद्या भरपूर मिळतात. पण त्यातला कुठला शब्द टाकायचा, हा प्रश्न तिथेच राहतो.

‘माझं इंग्रजी कच्चं आहे, हा खेळ आपला नाही’ असं अनेकांना वाटतं. यादी कशी बनली ते पाहिलं तर तसं वाटायचं कारण नाही. इंग्रजीच्या २६ अक्षरांपासून पाच अक्षरांच्या १ कोटी १८ लाख ८१ हजार ३७६ जुळण्या होतात. त्यातल्या जेमतेम तेरा हजारांच्या आसपास जुळण्या सुरुवातीला खेळ शब्द म्हणून मान्य करायचा. हा खेळ बनवणारे जॉश वॉर्डल यांनी तो आपली जोडीदार पलक शहा यांच्यासाठी केला होता. कोशात सापडणारे पण कुणी न वापरणारे शब्द उत्तर म्हणून नकोत, म्हणून पलक यांनी सुमारे बारा हजार शब्द तपासून ओळखीचे अडीच हजारांच्या आसपास निवडले. २०२१ मध्ये खेळ सर्वांसाठी खुला झाला तेव्हा उत्तरांच्या यादीत २,३१५ शब्द होते. जानेवारी २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. आता तिथे संपादक शब्द ठरवतात आणि कधी जुन्या यादीबाहेरचाही शब्द येतो, पण उत्तर सहसा ऐकलेलंच असतं. थोडक्यात, शोधात एखादा चित्रविचित्र शब्द मिळाला तर तो उत्तर असण्याची शक्यता कमीच.

मराठी माणसाची खरी अडचण वेगळी आहे. आपण शब्द कानाने मोजतो. ‘एट’ ऐकलं की आपल्याला दोन अक्षरं दिसतात, इंग्रजीत मात्र ती पाच: ई-आय-जी-एच-टी. ‘जज’चंही तसंच, जे-यू-डी-जी-ई. ‘नाइफ’मधला के उच्चारात कुठेच नाही, पण चौकोन मात्र अडवतो. म्हणून शब्द मनात म्हणू नका, त्याचं स्पेलिंग कागदावर लिहा. पाच रेघा ओढून सापडलेली अक्षरं भरली तरी निम्मं काम होतं.

सुरुवात कुठून?

मूळ यादीत सर्वाधिक वेळा येणारं अक्षर ई. त्यानंतर ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन. चार स्वर असल्यामुळे ‘ॲडियू’ने सुरुवात करणारे खूप आहेत. माझ्या मते ती सुरुवात दिसते तितकी चांगली नाही, कारण स्वर जवळपास सगळ्याच शब्दांत असतात. शब्दाशब्दांत फरक पडतो तो व्यंजनांनी. न्यूयॉर्क टाइम्सचा वर्डलबॉट आधी ‘क्रेन’ सुचवायचा, नंतर ‘स्लेट’. ‘स्लेट’ पाठोपाठ ‘आयर्नी’ टाकून पाहा (आय-आर-ओ-एन-वाय). वरची नऊच्या नऊ अक्षरं दोन ओळींत तपासून होतात आणि वर वाय मिळतो. वाय शेवटी फार येतो. मूळ यादीत ई-ने संपणारे शब्द चारशेहून जास्त आणि वाय-ने संपणारे साडेतीनशेहून जास्त आहेत. एस-ने सुरू होणारे सर्वाधिक, पण एस-ने संपणारे फारच थोडे, कारण नुसता एस किंवा ईएस लावून केलेली अनेकवचनं उत्तरात ठेवत नाहीत.

एक गोंधळ नेहमीचा आहे. उत्तर ‘क्रेन’ असताना तुम्ही ‘गीस’ (जी-ई-ई-एस-ई) टाकलंत, तर शेवटचा ई हिरवा आणि आधीचे दोन राखाडी दिसतील. खेळ चुकलेला नाही. उत्तरात ई एकच आहे, एवढंच तो सांगतोय.

चार हिरवे, तरीही हार

सगळ्यात जास्त डाव इथे जातात. समजा पहिल्या ओळीत ‘ऑडिओ’ टाकलं, आय पिवळा आला. दुसऱ्या ओळीत ‘लाइट’ टाकलं आणि शेवटची चार अक्षरं, आय-जी-एच-टी, हिरवी झाली. आनंद होतो, पण पुढे फाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट असे सहा शब्द उभे असतात. सातवा ‘एट’. यमकाने शोधणाऱ्याला तो सापडतच नाही, कारण कानाला तो वेगळा लागतो. शब्द सात, संधी चार. एकेक करून टाकलेत तर नशिबावर सोडावं लागतं.

इथे मुद्दाम चुकीचा शब्द टाकायचा: ‘फर्म्स’, म्हणजे एफ-आय-आर-एम-एस. तो उत्तर नाही हे आपल्याला माहीत आहे. पण एफ, आर, एम, एस यांपैकी एकाला रंग आला की उत्तर समोर. एकालाही नाही आला, तर उरतात नाइट, टाइट आणि एट, आणि संधीही बरोबर तीन. हार शक्यच नाही. हार्ड मोड चालू असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे मिळालेली अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात. अशा वेळी चार हिरव्यांच्या मोहात लवकर न पडता आधी वेगवेगळी व्यंजनं तपासून घ्यावीत.

जिंकलात तर चौकोन खुशाल शेअर करा, त्यातून उत्तर कळत नाही. शब्द मात्र ग्रुपवर लिहू नका. नवा शब्द ज्याच्या त्याच्या घड्याळाप्रमाणे रात्री १२ वाजता येतो, त्यामुळे तुम्ही सकाळी चहासोबत कोडं सोडवता तेव्हा न्यू जर्सीतल्या भाचीकडे अजून आदल्या दिवसाचाच शब्द चालू असतो.