न्हाणी आणि तिचें माप

घरांचा इतिहास लिहिणारे दिवाणखान्याचें व देवघराचें वर्णन हौसेनें करितात. न्हाणीकडे मात्र क्वचितच वळतात. वास्तविक श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येकाचा दिवस तेथेंच सुरू होतो. हल्लींच्या घरांत हात-तोंड धुण्याच्या बेसिनाखालीं कपाट बसवितात. तें किती रुंद घ्यावें हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक असला, तरी त्याचें मूळ बरेंच मागें जातें. बुलढाणा जिल्ह्याच्या आधारें आम्ही त्याचा थोडा विचार करणार आहों.

लोणार येथें उल्काघातानें झालेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर आहे. त्याच्या कांठावरील धारातीर्थांत झऱ्याचें पाणी गोमुखांतून पडतें व भाविक त्या धारेखालीं स्नान करितात. तळाशीं असलेल्या सरोवराचें पाणी मात्र क्षारयुक्त. साबण व कांच यांना लागणारी सामग्री येथें मिळते, अशी नोंद अबुल फजलनें सोळाव्या शतकाच्या अखेरीस आईने अकबरींत केली आहे. अंगावर घ्यावयाचें पाणी आणि मळ काढणारा क्षार, दोन्ही निसर्गानें एकाच ठिकाणीं ठेविलीं! तेथें मापाचा प्रश्नच नव्हता. माणूस पाण्याकडे जात होता.

सिंदखेडराजास लखुजी जाधवरावांचा वाडा आहे. जिजाबाईंचा जन्म १५९८ सालीं तेथेंच झाला. त्या गांवचे मोती तलाव व चांदणी तलाव आणि कोरीव मूर्तींनीं सजलेली पुतळा बारव पाहिली, म्हणजे पाणी सांठविण्यावर त्या काळीं किती श्रम खर्चिले जात हें ध्यानांत येतें. परंतु सामान्य घरांत पाणी येई तें घागरींतून वा पखालींतून. त्यामुळें न्हाणीचा थाट साधा असे: एक दगड, एक मोरी, पाण्याचा रांजण आणि दोन कड्यांचें घंगाळ. या घंगाळाचा मोठा गुण असा कीं तें उचलतां येई. दिवाळीच्या अभ्यंगाला तें अंगणांत जाई, बाळंतिणीसाठीं आंतल्या खोलींत येई, आणि काम संपतांच भिंतीशीं उभें राही. जागा लहान असो वा मोठी, भांडें तिच्याशीं जुळवून घेई.

युरोपांतही पूर्वी निजण्याच्या खोलींत मेजावर सुटें पात्र व पाण्याची सुरई असे. एकोणिसाव्या शतकांत शहरांत नळ व गटारें आलीं आणि पात्र भिंतीस जखडलें गेलें. पुढें नळ्या झांकण्यासाठीं त्याखालीं कपाट आलें. त्यास इंग्रजींत व्हॅनिटी म्हणतात. या शब्दाचा एक अर्थ पोकळ डौल असाही आहे. घंगाळ हलत होतें, हें कपाट हलत नाहीं, आणि नेमका येथेंच मापाचा प्रश्न उद्भवतो. घंगाळ चुकलें तर बदलतां येई. कपाट चुकलें तर भिंत व फरशी फोडावी लागते.

म्हणून दुकानांत जाण्यापूर्वी न्हाणी मोजावी. बाजारांत साधारणतः १८, २४, ३० व ३६ इंच रुंदीचीं कपाटें मिळतात. त्यांची खोली बहुधा १८ ते २१ इंच असते. कपाटापुढें उभें राहण्यास निदान २१ इंच, शक्य तर ३० इंच जागा मोकळी हवी. चार फूट रुंदीच्या न्हाणींत २१ इंच खोलीचें कपाट बसविलें तर पुढें २७ इंच उरतात. १८ इंचांचें घेतलें तर ३०. हे तीन इंच दुकानांत कोणाच्या ध्यानांतही येत नाहींत. ओल्या फरशीवर वळणाऱ्या वृद्ध आजीला मात्र ते रोज जाणवतात. दार आंत उघडत असेल, तर त्याचा फेराही मोजावा. कपाटाची आकृति खडूनें फरशीवर आंखून घरांतील सर्वांना तेथें एकदां वावरावयास लावावें, हा उत्तम मार्ग होय.

आणखी एक गोष्ट. या जिल्ह्यांत उन्हाळीं पाण्याची टंचाई नवी नाहीं. नळ कोरडा पडला कीं बादली व पिंप यांवांचून गति नाहीं. त्यांची जागा कपाटानें बळकावूं नये. जुन्या न्हाणींत डौल नव्हता, पण रांजणाला जागा होती. नवी न्हाणी सजवितांना तेवढी राखली, तरी घरानें आपला पूर्वानुभव वायां घालविला नाहीं असें आम्ही म्हणूं.