'भूमिका'तील स्मिता आणि हंसाबाईंची कहाणी

भगिनींनो, नटीच्या आयुष्याविषयी आपल्याकडे कुतूहल फार, आस्था मात्र थोडी. पडद्यावरच्या तिच्या लावणीला आपण मनापासून दाद देतो आणि थिएटरबाहेर पडता पडता तिच्या संसाराविषयी कुजबुजू लागतो. मंडळाच्या स्मरणिकेत सिनेमाचा विषय कशाला, असे एखादीला वाटेल. पण मला ज्या चित्रपटाविषयी लिहावयाचे आहे, त्याचा खरा विषय कमावत्या बाईचे घर हा आहे. तो चित्रपट म्हणजे श्याम बेनेगल यांचा १९७७ सालचा 'भूमिका'.

त्याच्या मुळाशी हंसा वाडकर यांचे आयुष्य आहे. हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर, जन्म १९२३ चा. घरात गाण्याबजावण्याची परंपरा होती, पैसा नव्हता. म्हणून १९३६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, 'विजयाची लग्ने' या बोलपटात ती मुलगी उभी राहिली. पुढे प्रभातच्या 'संत सखू'त (१९४१) ती सखू झाली, राजकमलच्या 'लोकशाहीर रामजोशी'त (१९४७) बया झाली, आणि १९५९ साली अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'ने तर लोकप्रियतेची कमाल केली. पुण्यात तो बोलपट दोन वर्षांहून अधिक काळ चालला.

पुढे हंसाबाईंनी 'माणूस' साप्ताहिकातून आपली कहाणी सांगितली. त्या बोलत गेल्या आणि अरुण साधू यांनी ती शब्दबद्ध केली. १९७० साली तिचे पुस्तक झाले. त्याला नावही आपल्या गाजलेल्या बोलपटाचेच, 'सांगत्ये ऐका'. त्यात त्यांनी आपले प्रमाद झाकले नाहीत, दारू झाकली नाही, आणि इतरांनी आपल्याशी कसा व्यवहार केला तेही झाकले नाही. पुढच्याच वर्षी, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या. आपल्यावरचा चित्रपट त्यांना पाहता आला नाही.

बेनेगलांनी नायिकेचे नाव उषा ठेवले आणि ती भूमिका दिली स्मिता पाटील हिला. स्मिताचा जन्म १९५५ चा, पुण्याचा. वडील शिवाजीराव पाटील राजकारणातले, आई विद्याताई समाजकार्यात रमलेल्या. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी ही शिकलेली मुलगी. हंसाबाईंच्या वाट्याला जे लहानपण आले, त्याची हिला झळही लागलेली नव्हती. वय जेमतेम बाविशीचे, आणि वेणी घातलेल्या पोरीपासून मोठ्या मुलीच्या आईपर्यंत सारे वय तिला अंगावर वागवायचे होते.

तिने काय केले ते पाहण्यासारखे आहे. तिने हंसाबाईंची नक्कल केली नाही. चेहऱ्याचे साम्य तर नव्हतेच. आरंभी उषा स्टुडिओत लावणी नाचते तेव्हा तिच्या अंगात वीज असते. तीच बाई घरी येते आणि नवऱ्याच्या प्रश्नांपुढे उभी राहते, तेव्हा तिचे खांदे वेगळे, आवाज वेगळा. कॅमेऱ्यापुढे जो ताठा तिला सहज साधतो, तो स्वतःच्या घरात तिला भांडून मिळवावा लागतो. उषेला संसार हवा असतो. पण तिच्या मिळकतीवर जगणारा नवरा, केशव, तिला घरी बसू देत नाही, आणि बाहेर गेली की संशय घेतो. अमोल पालेकरांनी हा केशव फार चोख रंगविला आहे. तो राक्षस वाटत नाही, शेजारच्या बिऱ्हाडातला वाटतो. म्हणूनच तो अंगावर येतो.

पुढे ती काळे नावाच्या जमीनदाराच्या वाड्यात राहते. तिथे तिला मानाचे लुगडे मिळते, स्वयंपाकघराचा ताबा मिळतो, अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या बाईंची माया मिळते. स्मिताच्या चेहऱ्यावर इथे प्रथमच विसावा दिसतो. एके दिवशी ती मुलाला घेऊन जत्रेला निघते, आणि कळते की या घरच्या बायका उंबरठा ओलांडीत नाहीत. तो विसावा क्षणात विझतो. सुटका होते तीही केशव पोलीस घेऊन येतो म्हणून. ज्याला सोडून ती गेली, त्याचीच पत्नी म्हणून तिला बाहेर पडता येते! बाईला स्वतःच्या नावावर दार उघडून मिळत नाही, हे एवढ्या नेमकेपणाने मी इतर कुठे पाहिले नाही. शेवटी मुलगी आपल्याकडे राहायला बोलावते, तरी उषा हॉटेलच्या खोलीत एकटी राहते. तो विजय नाही आणि शिक्षाही नाही.

या कामासाठी स्मिताला उत्कृष्ट अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. १३ डिसेंबर १९८६ रोजी, केवळ एकतिसाव्या वर्षी, तीही गेली.

पुस्तक चित्रपटाहून अधिक कठोर आहे. म्हणून माझे सांगणे असे की आधी चित्रपट पाहा आणि मग पुस्तक वाचा. हंसाबाईंनी उभ्या आयुष्यात घर पोसले, आणि घर मोडल्याचा ठपकाही त्यांच्याच माथी आला. आपल्या मंडळातल्या कितीतरी जणी आज नोकरी करतात, पापड-मसाल्यांचा व्यवसाय करतात. तिच्या पैशाचा हिशेब कोण ठेवतो, आणि ती उशिरा घरी आली तर पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, एवढे प्रत्येकीने आपल्या घरात डोकावून पाहावे. आणि शेजारच्या एखादीविषयी कुजबुजण्याआधी तिला एकदा म्हणावे, "बाई, तू सांग, मी ऐकते."