बोंडाची वीण आणि तिचा हिशेब

घाटकोपर आणि मुलुंडच्या आम्ही बचत गटाच्या बायका. मुंबईत थंडी ती कितीशी, तरी आमच्याकडे लोकरीच्या सुया बारा महिने चालतात. बाळंतविड्यासाठी टोपडी, मोजे, स्वेटर लागतात. रुखवतात मांडायला तोरणं लागतात. गेल्या वर्षी गटात बोंडाच्या विणीचे स्वेटर केले. बोंड म्हणजे विणीवर उठून दिसणारा गोल फुगवटा, पुस्तकात त्याला बॉबल म्हणतात. माल न्यायला आलेल्या व्यापाऱ्याने तराजू काढला आणि साध्या स्वेटरचा आणि बोंडाच्या स्वेटरचा भाव एकच लावला. लोकर सारखीच लागली, म्हणाला. आम्ही गप्प बसलो, कारण उत्तर तयार नव्हतं. ते शोधताना या विणीचा इतिहास हाती लागला.

आपल्याकडे सुयांवरचं लोकरीचं विणकाम मिशनरी बायकांच्या शाळांबरोबर आलं. अमेरिकन मराठी मिशनने 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. अशा शाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकामही शिकवत. पुढे 1908 मध्ये मुंबईत आणि 1909 मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांच्या मार्गदर्शनाखाली सेवासदन उभं राहिलं. तिथे विधवा आणि गरजू बायकांना शिवणकामासारखी कामं शिकवली, ती चार पैसे कमावता यावेत म्हणून. तेव्हापासून सुई आपल्याकडे हौसही आहे आणि पोटही.

बोंडाची वीण जगात गाजली ती आयर्लंडच्या पश्चिमेला असलेल्या अॅरन बेटांमुळे. बेटं खडकाळ, शेती तुटपुंजी, पुरुष मासेमारीला. आपले कोळीवाडे पाहिलेल्यांना हे घर लगेच ओळखू येईल. 1891 मध्ये तिथल्या गरीब भागासाठी सरकारने एक मंडळ नेमलं. त्याने मासेमारीला मदत केली आणि बायकांच्या विणकामालाही उत्तेजन दिलं. स्कॉटलंडकडच्या कोळी लोकांच्या स्वेटरवरून बेटावरच्या बायकांनी शिकून घेतलं आणि त्यात स्वतःच्या वेण्या, जाळ्या आणि बोंडं घातली. 1930 मध्ये म्युरिएल गाहन यांनी डब्लिन शहरात एक दुकान काढलं. खेड्यातल्या बायकांच्या हातच्या वस्तू तिथे विकल्या जात, त्यांत हे स्वेटरही होते.

या स्वेटरबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगतात: प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, बुडालेला कोळी तिच्यावरून ओळखू येई, आणि ही रीत हजारो वर्षांची. हे खरं नाही. ही वीण विसाव्या शतकाच्या आरंभीच घडली. गोष्टीचं मूळ सिंग या लेखकाच्या 1904 सालच्या एका नाटकात आहे. त्यात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते, पण स्वेटरवरून नाही. तिने स्वतः विणलेल्या मोज्यात किती टाके घातले आणि किती सोडले, हे तिला पाठ असतं. आम्हाला हाच भाग महत्त्वाचा वाटला. विणणारीला आपले टाके मोजून माहीत असतात.

मग आम्हीही टाके मोजले. बोंड असं होतं: एकाच टाक्यात सुलट, दोरा पुढे, सुलट, दोरा पुढे, सुलट, असे पाच टाके करायचे. सुई फिरवून पाचही उलट, पुन्हा फिरवून सुलट, पुन्हा फिरवून उलट. परत फिरवून दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा टाका एकेक करून पहिल्यावरून ओलांडायचा आणि उरलेला टाका उजव्या सुईवर घ्यायचा. म्हणजे जिथे साध्या विणीत एक टाका, तिथे बोंडाला वीस टाके, वर ओलांडणी वेगळी.

नीटस बोंडासाठी आमच्या चार खुणा. पुढचा टाका दोरा ओढून घट्ट घ्या. वरच्या ओळीत बोंडावरचा टाका मागच्या बाजूने विणा, म्हणजे भोक राहत नाही. आजूबाजूला समोरून उलट टाके ठेवा, बोंड जास्त उठून दिसतं. आणखी फुगीर हवं असेल तर मधे दोन ओळी वाढवा. धुतल्यावर इस्त्री मात्र अजिबात फिरवू नका, बोंडं चपटी होतात.

आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाच्या जाळीवर मारिया मीस यांनी 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. दिवसभर जाळी विणणाऱ्या बायकांना घरी बसलेल्या गृहिणी समजत, म्हणून मजुरी अगदी कमी मिळे आणि नफा व्यापाऱ्याकडे जाई, असं त्यांनी दाखवलं. तराजूवर लोकरीचं वजन होतं, वेळेचं होत नाही.

यंदा आम्ही प्रत्येक स्वेटरला चिठ्ठी लावतो: बोंडं किती, तास किती. व्यापारी आला की आधी चिठ्ठी पुढे करतो, मग स्वेटर. मागेल तेवढा भाव दर वेळी मिळतोच असं नाही, पण बोलणी आता तासांवरून सुरू होतात, वजनावरून नाही. तुम्ही गोधडी शिवा, टोपल्या विणा, पापड लाटा, पुढच्या बैठकीत एका नगाला लागणारे तास वहीत मांडून पाहा. आपल्या टाक्यांचा हिशेब आपल्याशिवाय कोण ठेवणार?