तिसाकांठचें सिगेत

रुमानियाच्या उत्तर सरहद्दीवर, तिसा नदीच्या कांठीं सिगेत हें लहानसें गांव आहे. गांव जागचें हललें नाहीं. सीमा मात्र हलत राहिली. १९२० च्या त्रियानोंच्या तहानें हंगेरीचें हें जुनें ठाणें रुमानियास मिळालें, आणि मारामुरेश प्रांतामधून वाहणारी नदीच सरहद्द ठरली. १९४० मध्यें हंगेरीचा अंमल पुन्हां आला. १९४४ च्या मे महिन्यांत येथील हजारों यहुदी रहिवाशांस आगगाडींत कोंडून आउश्वित्सला धाडण्यांत आलें. पुढें १९८६ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळविणारा एली वीझेल त्यांत होता. तेव्हां तो पंधरा वर्षांचा होता. युद्धानंतर गांव पुन्हां रुमानियांत आलें. पण १९५३ मध्यें त्या देशाचे माजी पंतप्रधान युलिउ मानिउ यांस येथल्याच तुरुंगांत मरण आलें. आज तो तुरुंग स्मारक झाला आहे. नकाशावर रेघ ओढणारे दूर राजधानींत बसतात; तिचें मोल सीमेवरच्या प्रजेस द्यावें लागतें.