गिरणगाव

गिरणगाव हा मुंबई शहराच्या मध्यभागातील कापड गिरण्या आणि गिरणी कामगारांच्या वसाहती यांनी घडवलेला परिसर आहे. हे कोणत्याही प्रशासकीय विभागाचे अधिकृत नाव नाही. लालबाग, परळ, लोअर परळ, काळाचौकी, चिंचपोकळी, शिवडी, नायगाव, प्रभादेवी आणि वरळी या भागांचा समावेश गिरणगावात केला जातो. भायखळा, महालक्ष्मी आणि दादर यांचे काही भागही त्यात धरले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९८२ च्या संपापर्यंत हा परिसर मुंबईच्या उद्योगाचे आणि कामगार चळवळीचे केंद्र होता. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल, कार्यालये व उत्तुंग निवासी इमारती उभ्या राहिल्या.

गिरण्यांचा उदय

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिली कापड गिरणी ताडदेव येथे स्थापन केली. तिचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. पुढील काही दशकांत मोकळी जमीन, रेल्वेमार्ग आणि बंदराचे सान्निध्य यांमुळे शहराच्या तत्कालीन वस्तीच्या उत्तरेस गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. कामगार मुख्यतः कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून, तसेच सातारा, कोल्हापूर, पुणे या घाटावरील भागांतून आले. उत्तर भारतातील मुस्लिम विणकर आणि तेलुगू भाषक पद्मशाली यांचाही त्यांत समावेश होता. कामगारांची भरती जॉबरमार्फत होत असे. कायम कामगाराच्या गैरहजेरीत काम मिळणारा 'बदली' कामगारांचा मोठा वर्ग या व्यवस्थेचा भाग होता.

गिरणीच्या आतही जातिभेद पाळला जाई. मागखात्यात धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागत असल्यामुळे विटाळाच्या कल्पनेतून दलित कामगारांना या अधिक मजुरीच्या खात्यात प्रवेश नाकारला जात असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न उपस्थित केला. ते स्वतः परळच्या पोयबावडी येथील चाळीत अनेक वर्षे राहत होते.

वस्ती आणि लोकजीवन

बहुसंख्य कामगार कुटुंब गावी ठेवून एकटे राहत. एकाच गावच्या पुरुषांनी मिळून खोली घ्यायची आणि पाळीनुसार आळीपाळीने झोपायचे, अशी पद्धत रूढ होती. त्यांच्या जेवणाची सोय कामगार वस्तीतील स्त्रिया चालवत असलेल्या खाणावळींतून होई. या खाणावळवाल्या स्त्रियांना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. गिरण्यांच्या भोंग्यावर परिसराचे वेळापत्रक ठरत असे.

घरांच्या टंचाईवर उपाय म्हणून बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे एकूण २०७ चाळी बांधल्या. या बीडीडी चाळींमधील प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची असून शौचालये सामाईक होती.

सार्वजनिक गणेशोत्सव, भजनी मंडळे, व्यायामशाळा आणि कामगार रंगभूमी यांची येथे मोठी परंपरा आहे. लालबागच्या गणेशगल्लीतील उत्सव १९२८ पासून, तर लालबागच्या बाजारातील कोळी व व्यापाऱ्यांनी सुरू केलेला 'लालबागचा राजा' १९३४ पासून साजरा होतो. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या शाहिरांच्या लाल बावटा कलापथकाने पोवाडे व लोकनाट्ये कामगार वस्त्यांत नेली. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवलेले कवी नारायण सुर्वे यांनी कामगाराचे जग मराठी कवितेत आणले. गिरण्या बंद पडल्यानंतरच्या कुटुंबाचे चित्रण जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकात आहे.

कामगार चळवळ आणि राजकारण

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना संघटित केले. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. १९२८ मध्ये सुमारे सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपातून गिरणी कामगार युनियन पुढे आली व श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे कम्युनिस्ट नेते गिरणगावात प्रस्थापित झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही येथील कामगारांचा मोठा सहभाग होता. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने या प्रभावाला आव्हान दिले. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार म्हणून निवडून आले.

१९८२ चा संप

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकमेव मान्यताप्राप्त संघटना होती. तिच्याविषयी असलेला असंतोष आणि १९८१ च्या दिवाळीतील बोनसचा वाद यांतून कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे वळले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि १९४६ चा कायदा रद्द करणे या प्रमुख मागण्या होत्या. संप वर्षाहून अधिक काळ चालला, परंतु तो औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. अनेक कामगार गावी परतले, तर हजारो जणांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले.

जमिनीचा प्रश्न

गिरण्यांच्या ताब्यात शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार विकासासाठी खुल्या होणाऱ्या या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उर्वरित भाग मालकाला मिळणार होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू केली. इमारती पाडून रिकामी होणारी जमीन त्यातून वगळली गेल्याने सार्वजनिक वाटा अत्यंत घटला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या दुरुस्तीच्या विरोधात निर्णय दिला. मात्र मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

सद्यस्थिती

फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल, तर कमला मिलच्या आवारात कार्यालये व उपाहारगृहे सुरू झाली. जाहिरातींत लोअर परळचा उल्लेख 'अप्पर वरळी' असा होऊ लागला. रस्ते आणि रेल्वे स्थानके मात्र नव्या गर्दीच्या प्रमाणात वाढली नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिल आवारातील आगीत १४ जण दगावले.

घरांसाठी सुमारे दीड लाख गिरणी कामगार व वारसांनी अर्ज केले. २०१२ मधील सोडतीत ६,९२५ घरांचे वाटप जाहीर झाले. त्यानंतरही सोडती निघाल्या, तरी बहुतांश अर्जदारांची मागणी प्रलंबित राहिली. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पात्र रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे दिली जात असून, वरळीतील पहिल्या ५५६ घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आला. दादरच्या इंदू मिलच्या जागेवर डॉ. आंबेडकरांचे स्मारक, तर काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचे काम हाती घेण्यात आले.