मेणाच्या रेघेखालचं गाव

पाय जपून टाका. घर ओसाड आहे, जमीन उंचसखल आहे आणि त्याच जमिनीवर जेरुसलेमचा नकाशा पसरला आहे. तारीख 30 नोव्हेंबर 1948, याच शहरातला मोहल्ला मुसरारा. इथले पॅलेस्टिनी रहिवासी ज्यू-अरब लढाई पेटली तेव्हाच घरंदारं टाकून गेले. नकाशावर दोघे वाकलेत. डाव्या डोळ्यावर काळी पट्टी असलेला, 33 वर्षांचा तो इस्रायलचा मोशे दायान. दुसरा जॉर्डनच्या अरब लीजन या फौजेचा अब्दुल्ला अल-तल, वय 30.

गोळीबार थांबवायचा तर कोणाची फौज कुठवर आहे, हे आधी ठरायला हवं. दायान हिरव्या मेणाच्या पेन्सिलीनं आपली रेघ ओढतो, तल लाल पेन्सिलीनं त्याची. आणखी जवळून बघा. पेन्सिल मऊ आहे, रेघ तीन-चार मिलिमीटर जाड उमटते. नकाशाचं प्रमाण 1:20,000. म्हणजे त्या जाडीखाली जमिनीवरचा साठ ते ऐंशी मीटरचा पट्टा झाकला गेला, त्यातल्या घरांसकट, गल्ल्यांसकट. रेघेखालचं घर कुणाचं, यावर पुढं वर्षानुवर्षं भांडणं होणार आहेत. आत्ता मात्र दोघेही ही तात्पुरती सोय धरून चाललेत.

मला त्यांच्यावर राग धरवत नाही. सहाच महिन्यांपूर्वी जुन्या शहरातली ज्यू वस्ती शरण आली, तिथल्या लोकांना बाहेर पडावं लागलं. पश्चिमेकडचे अरब मोहल्ले रिकामे झाले. देशभरातून सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी परागंदा झाले. अशा वेळी आधी बंदुका थांबायलाच हव्यात. पण ज्यांची घरं त्या मेणाखाली गेली, त्यांच्यातलं कुणीही या नकाशाभोवती नाही, आणि हे मला आजही सलतं.

आता शहराच्या दक्षिणेला चला, बैत सफाफा गावात. 3 एप्रिल 1949 ला ऱ्होड्स बेटावर इस्रायल-जॉर्डन शस्त्रसंधी झाली आणि तिची रेषा ठरली. जाफाहून जेरुसलेमला येणारा लोहमार्ग इस्रायलला हवा होता आणि तो या गावातून जातो. रूळ मिळाले, गाव चिरलं. भर रस्त्यातून कुंपण गेलं. एक भाऊ इस्रायलचा नागरिक झाला, दुसरा जॉर्डनचा.

थांबा, कुंपणापाशी लग्न आहे. नवरी या बाजूला, अर्धं गणगोत त्या बाजूला. दोन्हीकडची मंडळी तारेला लागून उभी आहेत. इकडे टाळ्यांचा ताल धरला की तिकडे पावलं पडतात. तिकडच्या बायकांनी उलूलूचा गजर केला की इकडच्या साथ देतात. मावशीला भाचीच्या कपड्यांवरचं भरतकाम टाका-टाका दिसतंय, पण तिच्या गालावरून हात फिरवता येत नाही. गावातले जनाजेही असेच निघतात, अर्धे नातलग तारेपलीकडून चालतात.

ही रेषा म्हणजे कायमची सरहद्द नव्हे, पुढच्या तोडग्याला तिची आडकाठी नसावी, असं शस्त्रसंधीच्या करारातच लिहिलं होतं. तरी ती जून 1967 पर्यंत टिकली. त्या महिन्यातल्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलनं पूर्व जेरुसलेम ताब्यात घेतलं आणि गावातलं कुंपण निघालं. कागदांवरचं निघालं नाही. जॉर्डनकडच्या अर्ध्या गावाला नागरिकत्वाऐवजी कायम रहिवासाचा दाखला मिळाला. आजही एका गल्लीतला माणूस इस्रायलच्या संसदेसाठी मत देतो, पलीकडच्या गल्लीतला त्याचा चुलतभाऊ सहसा देऊ शकत नाही.

शांततेची बोलणी जेव्हा जेव्हा निघतात, तेव्हा हीच रेषा पुढ्यात येते. 2002 साली अरब राष्ट्रांनी मांडलेल्या प्रस्तावातही 1967 च्या युद्धाआधीच्या सीमांवर परतण्याची अट होती. इस्रायलला सुरक्षित सीमा हव्यात, पॅलेस्टिनींना स्वतःचं राज्य. दोन्ही मागण्या मला रास्त वाटतात. म्हणूनच उद्याचा नकाशा पसरण्याआधी बैत सफाफातल्या माणसांना बोलावून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यांना विचारायची सवय अजून कुणाला लागलेली नाही. जेरुसलेममधल्या बेगिन महामार्गाचा पुढचा टप्पा याच गावाच्या मधून नेला. रस्त्याचा तपशीलवार आराखडा आधी आमच्यापुढं ठेवा, आमच्या हरकती ऐका, एवढंच गावकऱ्यांचं म्हणणं होतं. ते कोर्टात गेले, अपिलात गेले. 2014 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं ते अपील फेटाळलं.