ट्रॅक्टरची चाकोरी

'चाकोरी' हा शब्द आपण हल्ली बहुधा कंटाळवाण्या आयुष्याविषयी बोलताना वापरतो. मुळात मात्र तो गाडीच्या दोन चाकांनी वाटेवर पाडलेल्या खोल रेघांचा आहे. शेतातही अशी चाकोरी असते. पाभरीच्या फणांनी पेरणीचे अंतर एकदा ठरविले की पुढे कोळपे त्याच अंतराने चालावयाचे, आणि बैलांनीही पिकाच्या ओळींमधूनच पाय टाकावयाचे. म्हणून तर कोळपणीचे जू लांब असते. पीक बदलले की जू बदलावयाचे. इतका सोपा तो हिशेब.

ट्रॅक्टर आला तेव्हा हा सोपा हिशेब अवघड झाला. १९१७ सालच्या फोर्डसनसारखी यंत्रे नांगरटीला उत्तम होती. पण उभ्या पिकात त्यांना शिरता येत नसे. त्यामुळे अमेरिकेतील शेतकऱ्याला ट्रॅक्टर घेऊनही कोळपणीसाठी घोडे पोसावेच लागत. तिकडे मक्याच्या ओळींत ४० ते ४२ इंच अंतर ठेवण्याची रीत होती. का, तर मधून घोडा चालला पाहिजे! १९२४ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरचा 'फार्मऑल' विक्रीस आला आणि उंच पोटाचे हे यंत्र मक्याच्या ओळी पोटाखाली घेऊन चालू लागले. परंतु बीट, बटाटा, कापूस यांच्या ओळी वेगळ्या. तेथे मागील चाकांतील अंतर बदलता येणे हाच कळीचा प्रश्न होता.

१९३४ साली जॉन डिअरच्या 'मॉडेल ए' या ट्रॅक्टरने त्याला सुटसुटीत उत्तर दिले. मागील आसाला लांबीच्या दिशेने खाचा पाडल्या, चाकाच्या तुंब्याला आतून तशाच खाचा दिल्या. बोल्ट सैल करावेत आणि चाक हवे तितके आत-बाहेर सरकवावे. फर्ग्युसनने निराळी वाट धरली. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसनला आणि १९४६ पासून इंग्लंडात कॉव्हेन्ट्री येथे तयार होऊ लागलेल्या त्याच्या लहानशा ट्रॅक्टरला खोलगट तबकडीची चाके होती. तबकडी उलटसुलट बसवून आणि धावेची जागा बदलून ४८ ते ७६ इंचांपर्यंत, चार चार इंचांच्या टप्प्याने, अंतर साधता येई. मात्र चाक नुसते उलटे केले तर टायरवरील नक्षीचे टोक उलट दिशेला जाते आणि पकड सुटते. म्हणून डावे चाक उजवीकडे न्यावे लागे. हे विसरणारे महाभाग प्रत्येक गावी निघत असणार.

कागदावर सारे छान होते. प्रत्यक्षात शत्रू निघाला तो गंज. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते. खाचांच्या फटीत तो साचला की पाचर ठोकल्यासारखे चाक आसाला धरून बसते. त्यात १९३२ पासून ट्रॅक्टरला हवेचे टायर आले, आणि पुढे वजन वाढावे म्हणून त्यांत पाणी भरण्याची पद्धत पडली. थंडीत ते गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालीत. हे खारे पाणी एकदा झिरपू लागले की धाव खाऊन टाकी.

अडकलेले चाक सोडविणे हे बळापेक्षा धीराचे काम आहे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पुढची चाके अडवावयाची, आसाखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावयाचे. नुसत्या जॅकवर विसंबून शेकडो किलोंच्या चाकाखाली वावरणे म्हणजे जिवाशी खेळ. मग आसाचा उघडा भाग तारेच्या ब्रशने घासून लख्ख करावयाचा, कारण चाक सरकणार ते त्याच भागावरून. सांध्यात पातळ तेल सोडून रात्रभर मुरू द्यावयाचे. काही तुंब्यांत निमुळत्या पाचरी असतात. त्यांचे बोल्ट काढून शेजारच्या आटे पाडलेल्या भोकांत फिरविले की पाचर बाहेर रेटली जाते. बोल्ट ताणून ठेवावा, एक घण घालावा आणि वाट पाहावी. तेवढ्याने न सुटल्यास तुंबा बाहेरून तापवावयाचा. आपला लोहार धाव तापवून फुगवितो आणि चाकावर चढवितो. तेच शास्त्र येथे उतरविण्याच्या कामी येते. पण बीड एकाच जागी तापले तर तडकते, आणि टायर चढलेला असताना धावेला आच लावणे तर साफ वर्ज्य. आतल्या हवेचा दाब वाढून टायर फुटतो व माणसे दगावतात.

हा सारा खटाटोप टाळण्यासाठी १९४८ साली अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने 'डब्ल्यूडी' ट्रॅक्टरच्या धावेवर तिरक्या फेऱ्यांचे रूळ बसविले. पकडी सैल करून इंजिनाच्या जोरावर चाकाचा मधला भाग फिरवावा आणि अंतर आपोआप बदलावे, अशी ती युक्ती. युक्ती खरोखर हुशारीची होती. पण वर्षानुवर्षे कोणी हलविले नाही की ते रूळही गंजत.

आपल्याकडे १९५९ साली फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला, पाठोपाठ मद्रासकडे मॅसी फर्ग्युसनचे निघू लागले. नांगरट आणि ट्रॉली ओढणे हीच त्यांची मोठी कामे राहिली, त्यामुळे दुकानातून जे अंतर आले तेच पुष्कळांनी कायम ठेवले. बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे आणि गाडीवान ते न विसरता वापरी. ट्रॅक्टरच्या आसाच्या बाहेर डोकावणाऱ्या टोकाला बोटभर ग्रीस चोपडण्याची आठवण मात्र फारशा कोणाला होत नसे.